बॉर्डर म्हणजे फळी

दादा,

तू गेलास आणि आंधळगावच्या आपल्या घरात गर्दी झाली. इतकी माणसं आपल्या ओसरीवर मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती. कुणी नारळ घेऊन आलं, कुणी केळी, कुणी नुसतं तोंड लांब करून. "लई मोठा माणूस गेला," म्हणत होते. मी आत चुलीपाशी होते, आणि खरं सांगायचं तर मला किळस येत होती. बाहेरच्या चपला दारातून दिसत होत्या. त्यातली ही ज्याची, तो तुझी बदली झाली तेव्हा सायकलवरून मान फिरवून जायचा. ती ज्याची, त्यानं शिक्षकांच्या खोलीत तुझ्या शेजारची खुर्ची बदलून घेतली होती. आता तेच लोक बाबांचा हात हातात धरून बसले होते, आणि बाबा धरू देत होते.

तुझ्यावर लिहायला शाळेकडून माणूस आला होता. जन्म कधीचा, डिग्री कुठली, किती वर्षं नोकरी, असं विचारत होता. मी सांगितलं ते. पण त्यात तू कुठंच नव्हतास. तू मला आठवतोस तो एका शब्दामागे लागलेला. बाकीच्यांना पत्त्यांचा नाद असतो, तुला बॉर्डर या शब्दाचा होता.

तू नागपूरला कॉलेजात होतास, बोर्डिंगमध्ये राहायचास. सुटीत वरठीला गाडीतून उतरायचास आणि कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून गावी यायचास. असाच एकदा आलास, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस आणि मागावर बसलेल्या बाबांपुढे जाऊन उभा राहिलास. बाबा कोशाची साडी विणत होते. काठ लाल होता.

"बाबा, याले इंग्रजीत काय म्हणतेत, मालूम आहे?"

"बॉर्डर," बाबा म्हणाले. "सेटजी रोज म्हणते. बॉर्डर चांगली मार, म्हणते."

तू हिरमुसलास. सेटजी म्हणजे आपल्याला सूत देणारे आणि विणलेल्या साड्या उचलणारे. पुढे शेजारच्या गावच्या शाळेचे सेक्रेटरीही तेच झाले आणि तू त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलास. बाबांचे सेटजी आणि तुझे सेक्रेटरीसाहेब, माणूस एकच. पण तेव्हा ते पुढचं होतं.

"पण बॉर्डर म्हणजे मुळात काय, ते सेटजीले नाही मालूम," तू म्हणालास. "बॉर्डर म्हणजे फळी."

बाबांचा हात थांबला. "लाकडाची?"

"हाव, लाकडाची."

"रेशमाच्या काठाले फळी म्हणतेत? येडे होत का काय इंग्रज?"

मग तू पिशवी ठेवून खाली बसलास आणि सांगायला लागलास. फार पूर्वी तिकडच्या थंड मुलखातले लोक फळीला बोर्ड म्हणायचे. जहाजाची बाजू फळ्यांचीच, म्हणून त्या बाजूलाही बोर्ड. तो शब्द फ्रेंच लोकांनी उचलला आणि कापडाच्या कडेला, ढालीच्या कडेला, कशाच्याही कडेला लावला. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला, तो बॉर्डर होऊन. "म्हणजे कसं," तू म्हणालास, "घरचीच पोरगी बाहेर गेली, कपडे बदलले आणि सून होऊन परत आली. कोणी ओळखलंच नाही." काही पंडित म्हणतात की फळीचा बोर्ड वेगळा आणि जहाजाच्या बाजूचा वेगळा, मागून एक झाले, हेही तू सांगितलंस. तुझा तो स्वभावच होता. आपली गोष्ट रंगात आलेली असताना तिच्यातलं भोक स्वतःच दाखवायचास.

आणि मग बोर्डिंग. फळीवर जेवण मांडायचे, म्हणून टेबलालाही बोर्ड, जेवणालाही बोर्ड. "मी राहतो तिथं पातळ वरण भेटते ना, ते त्या फळीवरूनच," तू म्हणालास. "एकाच घरातले दोघं. फळी आडवी टाकून ताटं मांडली तं बोर्डिंग. उभी केली तं बॉर्डर."

बाबा हसले. ते क्वचित हसायचे. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की शब्दालाही माहेर-सासर असतं. मी पुढे मास्तरीण झाले ती त्यामुळेच. बाबा नको म्हणत असताना माझा डी.एड.चा अर्ज तू भरलास. ते ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते आहे, तर तू नाहीस.

त्यानंतरच्या थंडीत लढाई झाली. पानठेल्यावरच्या रेडिओवर सगळं गाव बॉर्डर बॉर्डर ऐकत होतं. आपल्या गावात तेव्हा त्या शब्दाचे दोनच अर्थ होते, लुगड्याचा काठ आणि जिथं जवान उभे असतात ती जागा. तू म्हणायचास, इंग्रज बिचारे गरीब आहेत, सगळ्याला एकच शब्द. आपल्याकडे धानाच्या शेताला धुरा, गावाला शीव, तलावाच्या बांधाला पार, लुगड्याला काठ. कोणी धुऱ्याला काठ म्हणत नाही आणि काठाला शीव म्हणत नाही.

त्या काठावरून तर आपण आयुष्यभर भांडलो. तुझं म्हणणं, काठ हा काष्ठातून आला. लाकूड. म्हणजे बघ शांते, तिकडेही फळी आणि इकडेही लाकूड, दोन्हीकडच्या माणसाला कडेला तेच सुचलं. माझं म्हणणं, नाही. आमच्या डी.एड.च्या बाईंनी सांगितलं होतं, काठ हा कंठातून आला. कंठ म्हणजे गळा, आणि गळ्याजवळची म्हणून जवळची जागा. जुने लोक कांठ असा टिंब देऊन लिहायचे, ते टिंब कुठून आलं मग? तू म्हणायचास, टिंब काय कोणीही देते. मी म्हणायची, तुले जुळवायचंच आहे म्हणून तू लाकूड धरून बसला. तू चिडायचास. खरंच चिडायचास, कान लाल व्हायचे. मला अजून वाटतं मीच बरोबर आहे. पण बरोबर असून आता करू काय.

आता त्या दिवसाकडे येते. त्यावाचून तुझ्यावर लिहिणं म्हणजे शाळेच्या माणसानं लिहिलं तसं होईल.

तुझ्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. माझा निकाल लागला होता, नोकरी लागायची होती, म्हणून मी बघायला आले होते. सकाळी तलावाच्या पारीखालच्या मैदानात शर्यती झाल्या. शिपायानं चुन्याची फक्की घेऊन धावपट्ट्या आखल्या होत्या. दुपारी त्याच मैदानात मुलांचं जेवण. भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. बुंदीचा वास सकाळपासून येत होता आणि मुलांचं शर्यतीत लक्ष नव्हतं.

पंगती बसायच्या वेळी मी पाहिलं, मैदानात एक ओळ नवी होती. शर्यतीच्या ओळी लांबीला होत्या, ही आडवी. सेक्रेटरीसाहेबांनी शिपायाला बोटानं दाखवून ती मारून घेतली होती. ओळीच्या अलीकडे गावातली मुलं बसली. तलावापलीकडच्या वस्तीतली मुलं पलीकडे जाऊन बसली. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. ओळ पाहिली आणि गेली. सेक्रेटरी मंडपात सुपारी कातरत बसले होते, त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. मला त्या ओळीपेक्षा जास्त शिसारी कशाची आली असेल तर त्या मुलांच्या आपणहून जाण्याची. इतकी लहान मुलं, आणि इतकी तयार.

तू पाण्याची बादली घेऊन येत होतास. ओळीपाशी थांबलास. बादली खाली ठेवलीस.

"पोरांनो, आज इंग्रजीचा तास झाला नाही," तू म्हणालास. "आता घेऊ. हे काय आहे?"

"लाईन, सर," एक मुलगा म्हणाला.

"लाईन शर्यतीची असते. याला बॉर्डर म्हणतात. बॉर्डर म्हणजे काय, मी वर्गात सांगितलं होतं. कोण सांगेल?"

"फळी, सर." ही वस्तीतली एक मुलगी. सुमन तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

"बरोबर. जहाजाची फळी. जहाजात बसलेले सगळे फळीच्या आत असतात. फळी कशाला लागते? समुद्राला बाहेर ठेवायला. नाहीतर सगळेच बुडतील. आता मला सांगा, इथं समुद्र कुठं आहे?"

एका बारक्यानं पारीकडे हात केला. "तलाव आहे, सर."

मुलं हसली. तूही हसलास. "तलाव पारीच्या तिकडे आहे. तो काही इकडे येऊन नाही राहिला. मंग ही फळी कोणाले बाहेर ठेवायले आहे?"

तू चपलेनं ती ओळ पुसायला लागलास. घाई न करता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुना तुझ्या धोतराच्या काठाला लागला. मग एक पत्रावळ उचललीस आणि वस्तीतल्या मुलांच्या मधे जाऊन बसलास. आठवीची चार-दोन मुलं उठून तुझ्याकडे आली. त्यांचं बघून आणखी आली. थोड्या वेळानं कोण कुठलं ते मला ओळखू येईना.

मला वाटलं सेक्रेटरी ओरडतील. ते ओरडले नाहीत. वाढप्यांना म्हणाले, "वाढू नका."

गावातले काही बाप आले आणि आपापल्या पोरांना दंडाला धरून उठवून घेऊन गेले. मग भाताची, वरणाची, बुंदीची मोठाली गंजं, ती पातेली, गावातल्याच चौघाचौघांनी उचलली, पारीवर चढवली आणि तलावात उपडी केली. अन्न बाटलं म्हणे. बुंदी पाण्यावर तरंगत होती. मुलं रिकाम्या पत्रावळी समोर ठेवून ते बघत होती, आणि तूही एक रिकामी पत्रावळ समोर ठेवून बसला होतास. शेवटचं मूल उठून जाईपर्यंत उठला नाहीस.

त्यानंतर किती तरी दिवस तो काठ नासला होता. फुगलेला भात पारीच्या दगडांना चिकटून आंबला, त्यावर हिरवट साय धरली, कुत्री तिथून हलत नव्हती. धुणं धुवायला आलेल्या बाया नाकाला पदर लावून म्हणत होत्या, "मास्तरानं तलाव घाण केला." मास्तरानं. गंजं उपडी करणारे त्यांच्याच घरातले होते. मी आजही कुठं जास्तीचा भात शिजताना पाहिला की तो वास येतो.

तुझी बदली लगेच झाली. संस्थेची एक शाखा साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून होती. एका खोलीत तीन वर्ग. तुझ्या बरोबरचे मास्तर तुला म्हणाले, शांत जागा आहे सर, मजेत राहा. एकानंही सेक्रेटरीला विचारलं नाही, काहून पाठवता.

आणि घरी सूत यायचं थांबलं. सेटजींचा माणूस यायचा आणि सांगून जायचा, या खेपेले नाही. पुढच्या खेपेलाही नाही. माग नुसता उभा. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. एके दिवशी त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंग." कुठं ते सांगितलं नाही.

दादा, हे तुला कोणी सांगितलं नाही. सेटजींच्या घरी बाबा पायरीवर बसले. वर बसा असं कोणी म्हटलं नाही. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोरगा चुकला. त्याच्या जागी मी माफी मांगतो." सेटजी झोपाळ्यावर होते. ते म्हणाले, "पोरगं हुशार आहे. पण माणसाले मर्यादा पायजे." मग आतून सुताचा गठ्ठा मागवला. नोकरानं तो बाबांच्या हातात दिला नाही, उंबऱ्यातून खाली टाकला. बाबांनी उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आम्ही घरी आलो.

तू रविवारी आलास तेव्हा माग चालू होता. तू उंबऱ्यातच थांबलास.

"सूत कुठून आलं?"

"आलं," बाबा म्हणाले.

तुला कळलं. तू आल्यापावली फिरलास, पाण्याचा तांब्याही घेतला नाहीस. नंतर येत राहिलास, जेवत राहिलास, बाबांचे पाय दुखले तर तेल लावून देत राहिलास. पण त्या सुताबद्दल तुम्ही दोघं पुन्हा कधी बोलला नाहीत. मी वाट पाहत होते, दोघांतला एक तरी बोलेल. एक आता गेला.

लग्न होऊन मी साकोलीला गेले, म्हणून बाजाराच्या दिवशी तू माझ्याकडे यायचास. लाल धुळीनं भरलेला, हातात जंगलातलं काहीतरी, चारोळी नाहीतर मोहाची फुलं. जेवण झालं की आपलं भांडण सुरू. काठाचं तर असायचंच. पण दुसरं भांडण काठाचं नव्हतं.

"ओळ पुसली ते बरोबर," मी म्हणायची. "पण लेकरं उपाशी गेली, दादा. त्याईनं बुंदी जन्मात खाल्ली नवती."

"बुंदी मी नाही फेकली, शांते."

"तुले मालूम नवतं का, ते फेकतीन म्हून?"

तू ताटात बोट फिरवत बसायचास. एकदाच उत्तर दिलंस. म्हणालास, "मले वाटलं होतं, अन्न कोणी फेकत नाही. एवढं खाली कोणी जात नाही, असं वाटलं होतं." आणि मग, "मले रोज तेच आठवते. पुसली ते नाही आठवत. त्या रिकाम्या पत्रावळी आठवतेत."

त्या दिवशी मी तुझ्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय बदलला. तुझा चेहरा पाहवत नव्हता. पण प्रश्न मी सोडला नव्हता. तुलाही तो सोडत नव्हता.

बदली रद्द व्हावी म्हणून तू दर उन्हाळ्यात अर्ज करायचास. दर उन्हाळ्यात नाही म्हणून यायचं, कधी तेही यायचं नाही. जंगलाच्या त्या शाळेत तुझे केस पांढरे झाले. मुलांना मात्र तू इंग्रजी असं शिकवलंस की एकदा मी आले होते तेव्हा उघड्या पाठीचं एक पोरगं मला म्हणालं, "बाई, तुमच्या लुगड्याले फळी लागली आहे," आणि सगळा वर्ग हसून लोळला. तूही. तुला तसं हसताना मी शेवटचं तिथं पाहिलं.

कावीळ झाली ती कळायला उशीर झाला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

शोकसभा त्याच शाळेत ठेवली, जिथून तुला काढलं. पारीखालच्या मैदानात आता सभागृह झालं आहे. मला आणि बाबांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. आम्हाला काळ्या चौकटीची पत्रकं वाटली, त्या चौकटीत तुझं नाव. मागे सतरंज्यांवर मुलं. वस्तीतले लोक दाराबाहेर उभे होते. आत जागा होती. मी वळून वळून पाहिलं, जागा होती.

सेक्रेटरीसाहेब आता म्हातारे झाले आहेत, आवाज तोच आहे. ते माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सरांची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. एवढे विद्वान, पण माणसानं आयुष्यात कधी मर्यादा ओलांडली नाही."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मला एकदम ओकारी आली, दादा. खरीखुरी. मी पदर तोंडाला लावला आणि उठले. बाबांच्या खांद्याला हात लावला, ते उठले नाहीत, खाली मान घालून बसून राहिले. मी एकटीच मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. लोकांना वाटलं बहिणीला रडू आवरेना. दोघी-तिघी माझ्याकडे दयेनं बघत होत्या. मी भिंतीपाशी जाऊन पोटातलं सगळं टाकलं.

कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पांढरी साडी, केसांना घट्ट अंबाडा. "मी सुमन," ती म्हणाली. "सरांची. फळी सांगणारी."

ती नर्स झाली आहे. सुटी काढून आली होती, आत बोलायला मिळेल का म्हणून विचारलं होतं, यादी झाली आहे असं उत्तर मिळालं. आम्ही भिंतीला टेकून बसलो. आतून भाषणं ऐकू येत होती. मी तिला आपला तो प्रश्न विचारला. तुझ्याकडून उत्तर मिळालं नाही, म्हटलं हिला विचारावं, हक्क तिचाच.

"त्या दिवशी तुमाले सरांचा राग आला होता का?"

"आला होता," ती लगेच म्हणाली. "वर्षभर होता. मायनं मारलं मले घरी. म्हणे, बसली असती गुपचूप तं खायले भेटलं असतं. मले बी तसंच वाटे. आजही बुंदी पाह्यली का पह्यले तेच याद येते."

"मंग आज काहून आल्या?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मले पह्यली नोकरी लागली तिथं पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते. एक आमच्यासाठी. मी पह्यल्या दिवशी त्याच माठाकडे चालली गेली, ताई. कोणी सांगतलं नवतं. अर्ध्यात गेल्यावर पाय थांबले. वापस आली अन् दुसऱ्या माठातलं पाणी घेऊन पेली. लई बोलणे खाल्ले. पण त्या दिवशी पाय थांबले कसे, तं सर आठवले." मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "राग होता, तो बी खरा आहे. दोन्ही खरं आहे."

हे तुला ऐकायला मिळालं असतं तर मी काठ हा लाकडाचाच आहे असंही कबूल केलं असतं.

मागच्या आठवड्यात शाळेचा माणूस घरी आला. सभागृहात तुझा मोठा फोटो लावायचा आहे, म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांच्या हस्ते. चांगलासा फोटो द्या, फ्रेम संस्था करील. बाबा मागावर होते. आता डोळे काम देत नाहीत, बसतात नुसते, सवयीनं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. काय काय बोलायचं ते मी कितीतरी वर्षांपासून जमवून ठेवलं आहे. पण माझ्याआधी बाबा बोलले.

"फोटो नाही भेटणार."

"बाबा, सरांचा मान आहे तो," माणूस म्हणाला. "साहेबांनी स्वतः सांगितलं आहे."

"सेटजीले सांगजो," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मी त्याच्या पायरीवर बसून माह्या पोराच्या नावानं माफी मांगली होती. पोरानं मले सांगतलं नवतं मांगाले. ते माफी वापस पाठवून दे म्हणा. मंग फोटो नेजो."

माणसाला काही कळलं नाही, तो चपला घालून गेला. मी जवळ जाऊन बसले. ते माझ्याशी बोलत नव्हते, समोरच्या रिकाम्या जागेशी बोलत होते, जिथं तू सुटीत येऊन बसायचास.

"तो चुकला नवता, त्याले सांगाले पायजे होतं," ते म्हणाले. "तो होता तवाच सांगाले पायजे होतं."

म्हणून लिहिलं, दादा. बाबांना लिहिता येत नाही.

तुझी,
शांता